बनूबाईचं खरं पित्त

पालेगावात आता शेतं कमी आणि टॉवर जास्त झालेत. टॉवरमध्ये राहायला आलेल्या माणसांना रविवारी मटण शिजायला लागलं की तांदळाच्या भाकरीची आठवण येते, आणि आठवण आली की ते बनूबाईला फोन करतात. बनूबाईचा नवरा रघु गेला तेव्हा मुलगा विनीत शाळेत होता. दीर-जावा "आता बनूचं कसं व्हायचं" म्हणून हळहळत होते. बनूबाईनं ती हळहळ ऐकून घेतली, अंगणात चूल मांडली आणि भाकऱ्या थापायला बसली. आज विनीत अंबरनाथला एका लॅबमध्ये नोकरीला आहे. रक्ताच्या बाटल्या तपासतो, बऱ्यापैकी कमावतो. आई अजून थापतेच आहे. "आता बस कर" असं सांगणारे थकले आणि गप्प बसले.

बाई हट्टी आहे, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. एकदा डोक्यात घेतलं की घेतलं. या हट्टावर आणि चहावर तिचा संसार उभा होता. चुलीपुढं बसलेल्या बाईला जेवायला वेळ कुठला? उठल्यावर चहा, पीठ मळून झालं की चहा, भाकऱ्या पोचत्या झाल्या की चहा. जेवण व्हायचं सगळं आवरल्यावर, तेही सुक्या बोंबलाची लालभडक चटणी लावून, आणि हात धुतले की तिथंच आडवं व्हायचं. असं वागल्यावर पित्त होणार नाही तर काय होणार?

झालंच. छातीत जळायला लागलं, घशाशी आंबट यायला लागलं, आणि आडवं पडलं की ते आंबट थेट तोंडात. बनूबाई भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपायला लागली. पित्ताचं एक आहे, ते कुणालाही सांगा, त्याच्याकडे त्यावर औषध असतंच. एका जावेनं आमसुलाचं पाणी सांगितलं, दुसरीनं थंड दूध. टॉवरमधल्या एका बाईनं सकाळी कोमट पाण्यात लिंबू पिळून घ्यायला सांगितलं, त्या दिवशी बनूबाईला ब्रह्मांड आठवलं. मेडिकलवाला मुकेश गुलाबी औषधाची बाटली काढून द्यायचा. ते घेतलं की घटकाभर बरं वाटायचं, मग पुन्हा आग.

शेवटी विनीतनं तिला रिक्षात घातलं आणि उल्हासनगरला, कॅम्प पाचमधल्या एका सिंधी डॉक्टरीणबाईंकडे नेलं. त्यांनी दुर्बीण घालून तपासलं, घाबरण्यासारखं काही नाही म्हणाल्या आणि गोळी लिहून दिली.

"मावशी, सकाळ-संध्याकाळ खाली पेट घ्यायची. रिकाम्या पोटी. घेतली की अर्धा तास थांबायचं, मग खायचं. समजलं ना?"

"समजलं की. त्यात काय," बनूबाई म्हणाली.

आणि तिनं नेमानं गोळी घेतली. सकाळी उठायची, तोंड धुवायची, देवाला हात जोडायची आणि गोळी घ्यायची. चहाबरोबर.

हे वाचणारे निम्मे लोक म्हणतील, मग त्यात चुकलं काय? तेच तर सांगतोय. आपल्याकडे चहा खाण्यात धरत नाहीत. "सकाळपासून पोटात काही नाही" असं जो म्हणतो त्याच्या पोटात दोन कप चहा असतोच असतो. कडक उपवास करणारी माणसंही चहाला मोजत नाहीत. बनूबाईनंही मोजला नाही. औषधाची पाकिटं संपत गेली, जळजळ होती तिथंच राहिली, आणि बाई भांडायच्या तयारीनं पुन्हा कॅम्प पाचात दाखल झाली.

"तुमची गोळी खोटी हाय, डॉक्टरबाई. काय गुण नाय."

"रोज घेता?"

"एक दिवस चुकवली नाय."

"रिकाम्या पोटी?"

"अगदी उपाशी."

"आज सकाळपासून काय खाल्लं?"

"काय नाय."

"कुछ भी नहीं?"

"काय नाय म्हनते ना. दोन टाइम चाय झाला, तेवढाच."

डॉक्टरीणबाईंनी पेन खाली ठेवलं. "मावशी, चहा पोटात जातो की डोक्यात?"

बनूबाईच्या मते तर तो डोक्यातच जात होता.

मग तिला पहिल्यापासून सगळं ऐकून घ्यावं लागलं. चहा गेला म्हणजे पोट रिकामं राहिलं नाही. वर तिचं पित्त भडकवतोय तो चहाच. तेव्हा पुढच्या तपासणीपर्यंत चहा बंद. तिखट बंद, आंबट बंद. जेवल्या जेवल्या आडवं व्हायचं नाही, आणि खाटेच्या उशाकडच्या पायांखाली विटा घालायच्या.

"चाय पूरा बंद?" बनूबाईनं विचारलं.

"एक घोटसुद्धा नाही."

"बरं," बनूबाई म्हणाली. तिनं बरं म्हटलं म्हणजे विनीतला कळलं, आता हिला कुणी बासुंदीसारखा दाट चहा पाजला तरी ही पिणार नाही.

सुरुवातीचे दिवस घराला जड गेले. बाईचं डोकं दुखायचं. ती विनीतवर ओरडायची, कोंबड्यांवर ओरडायची, कुणी नसलं तर तव्यावरच्या भाकरीवर ओरडायची. पण गोळी आता खऱ्याखुऱ्या उपाशी पोटात पडत होती. हळूहळू आग निवली. मग एका सकाळी बनूबाई उठली तेव्हा तिच्या लक्षात आलं की आपण चांगल्या आडव्या होऊन झोपलो होतो. तिला इतका आनंद झाला की त्या दिवशी भाकऱ्या न्यायला आलेल्या प्रत्येकाला तिनं तो अर्धा तास समजावून सांगितला. लोक नुसत्या भाकऱ्या न्यायला आले होते, पण ऐकल्याशिवाय त्यांना भाकरी मिळाली नाही.

विनीतनं प्रीतीचं नाव काढलं ते याच दिवसांत. आईचं पोट शांत व्हायची तो वाट बघत असावा. प्रीती त्याच्याच लॅबमधली, बदलापूरची, बेलवलीला राहणारी. बौद्ध घरातली. बनूबाई त्या दिवशी काही बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. भाकऱ्या मात्र अशा थापत होती की तिसऱ्या टॉवरपर्यंत आवाज जावा. मग एकदाची म्हणाली, "घेऊन ये तिला."

प्रीती आली आणि कुणी न सांगता चुलीपाशी बसली. तिनं भाकरी थापायला घेतली, ती परातीतच फाटली. पोरगी खळखळून हसली आणि तीच फाटकी भाकरी भाजून तिनं स्वतः खाल्ली. बनूबाईला ती आवडली, आणि आवडली म्हणजे विषय संपला. दीर आले, "गावात तोंड कसं दाखवायचं?" म्हणाले. "माझं तोंड गावानं जलमभर बघितलंय, त्यात काय नवीन दाखवायचंय?" असं म्हणून तिनं त्यांना वाटेला लावलं.

अडचण इकडून नव्हती, तिकडून होती. प्रीतीनं विनीतला स्वच्छ सांगितलं होतं, "बाबा हो म्हणाले तर उद्या लग्न करू. पण त्यांना दुखवून मी करणार नाही. त्यांनी आयुष्यात खूप ऐकून घेतलंय." तिचे वडील भीमराव अंबरनाथच्या एका कारखान्यातून मशीन ऑपरेटर म्हणून रिटायर झालेले. कमी बोलणारा माणूस. त्यांनी एवढंच कळवलं, मुलाच्या आईला एकदा घरी येऊ द्या, मग बघू.

तर एका रविवारी बनूबाई ठेवणीतलं लुगडं नेसून विनीतबरोबर बेलवलीला गेली. लहानसा, टापटीप फ्लॅट. समोर बुद्धाची मूर्ती, तिच्यापुढं ताजी फुलं. प्रीतीची आई भागीरथी हसतमुखानं पुढं आली आणि पाण्याचे ग्लास घेऊन आली.

"आता रिक्षात बाटलीभर पिऊन आले ताई, नको," बनूबाई म्हणाली. ते खरंच होतं.

मग चहा आला. नव्या कोऱ्या कपांत, वेलची घातलेला. बनूबाईनं तो वास नाकभर घेतला. किती दिवसांत चहा एवढ्या जवळ आला नव्हता! तिनं मन घट्ट केलं.

"मला चाय नको. पित्त हाय मला."

भागीरथीचा हात कपावरच थांबला. "मग सरबत करते लिंबाचं?"

"छे, छे. आंबट तर अजिबात नको."

"पोहे तरी घ्या."

पोह्यांत हिरव्या मिरच्या दिसत होत्या. "तिखट चालत नाय मला," बनूबाई म्हणाली, आणि डॉक्टरीणबाईंचा एकही शब्द आपण मोडला नाही म्हणून मनात खूश झाली.

प्रीती खाली बघत होती. भीमरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"असू द्या," ते सावकाश म्हणाले. "पित्त वाईटच. आमच्या घरी येणाऱ्या पुष्कळ लोकांना असतं."

"हो?" बनूबाई एकदम पुढं सरकली. "कोनाकोनाला हाय?"

विनीतला तेव्हा धरणी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं वाटलं. बनूबाईला काहीच कळलं नव्हतं. तिनं भीमरावांना जळजळ सांगितली, भिंतीला टेकून झोपणं सांगितलं, खाटेखालच्या विटा सांगितल्या. भीमराव शेवटपर्यंत ऐकत राहिले, फक्त मान हलवत राहिले. मग उठले आणि म्हणाले, "ठीक आहे. बघतो. कळवतो."

परतताना रिक्षात बनूबाई खुशीत होती. "मान्सं चांगली हायेत. नि बघ, पित्तानं सगळीच हैरान."

"आई," विनीत म्हणाला, "त्यांच्याकडे येणाऱ्या कुणालाही पित्त नसतं."

"म्हंजे?"

"म्हणजे लोक त्यांच्या घरी येतात आणि पित्त आहे म्हणून सांगतात. पाण्याला हात लावत नाहीत. तू आज तेच केलंस. पाणी नाही, चहा नाही, सरबत नाही, पोहे नाहीत. पाहुणी म्हणून गेलीस आणि एक घोट, एक घास न घेता उठलीस."

संध्याकाळी प्रीतीचा फोन आला. बाबा नाही म्हणाले होते. चिडले नव्हते, ओरडले नव्हते. मुलगा चांगला आहे म्हणाले. पण जिथं कप बाटतो त्या घरात मुलगी देणार नाही म्हणाले.

बनूबाई चुलीपाशी बसून राहिली. चूल पेटवलेली नव्हती. तिला तिच्या सासूची आठवण झाली. सासू ठणठणीत बाई. कच्ची कैरी तिखटमीठ लावून खायची आणि ढेकरसुद्धा द्यायची नाही. गावातल्या बौद्धवाड्यात कुणाचं लग्न असलं, बारसं असलं, की ओळखीपाळखीनं जावं लागे. तिथं अंगणाच्या कडेला बसायचं, चहा आला की कपाळाला आठ्या घालून म्हणायचं, "नको गं बाय, पित्त हाय मला." आणि घरी आल्या आल्या म्हणायचं, "बनू, चहा टाक." नवी नवरी बनू पदर सावरून मागं उभी असायची. ती काही म्हणायची नाही, कपालाही हात लावायची नाही. सासूला पित्त, म्हणून सुनेलाही पित्त.

आज तिनं सासूचंच वाक्य म्हटलं होतं. शब्द तेच, सूरही बहुतेक तोच. फरक एवढाच की आज पित्त खरं होतं, आणि तो फरक समोरच्याला दिसायला काही वाटच नव्हती. बनूबाईला लाज वाटली. नुसती लाज नाही, कानाच्या पाळ्या गरम झाल्या इतकी लाज वाटली.

"मी डॉक्टरांची चिठ्ठी पाठवतो त्यांना," विनीत म्हणाला. "रिपोर्टचा फोटो काढून पाठवतो."

"गप. चिठ्ठ्या दाखवून सोयरीक जमते काय कुठं?"

"मग तू परत जा आणि एक कप चहा पी. एका कपानं मरत नाहीस."

बनूबाईनं यावर खूप विचार केला. चहा प्यायची तिची तयारी होती. डॉक्टरीणबाई ओरडल्या असत्या, छातीत आग झाली असती, ते तिनं सोसलं असतं. पण त्यात एक मेख होती. आज पित्त म्हणून चहा नाकारायचा आणि उद्या जाऊन तोच चहा घटाघटा प्यायचा, म्हणजे पित्त खोटंच होतं हे आपल्याच तोंडानं कबूल करायचं. नाही प्यायला तर कप बाटतो, प्यायला तर बाई लबाड. दोन्हीकडून ती अडकली होती. शिवाय भीमरावांसारख्या माणसानं आपल्या घरी कौतुकानं चहा प्यायला येणारे, फोटो काढून जाणारे किती बघितले असतील. त्यांत आणखी एक कप वाढून काय होणार?

"माझं पोट मला खरं ठेवायचंय नि त्यांचं घरबी मला पायजे," ती विनीतला म्हणाली. "बघते कसं ते."

वाट सापडली ती सकाळी. नेहमीप्रमाणे तोंड धुऊन तिनं तळहातावर गोळी घेतली, आणि ती तशीच बघत राहिली. ही गोळी एकदा गिळली की अर्ध्या तासानं खावं लागतं. खावंच लागतं. मग ते कुठं खायचं हे डॉक्टरीणबाईंनी कुठं सांगितलंय? तिनं गोळी परत पाकिटात घातली, पाकीट पिशवीत टाकलं आणि टॉवरमधल्या गिऱ्हाइकांना निरोप दिला की आज भाकरी मिळणार नाही. विनीतला काही सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं अडवलं असतं. पोटात अन्नाचा कण नाही, अशी ती शेअर रिक्षानं बदलापूरला गेली, पूल ओलांडून पश्चिमेला उतरली आणि बेलवलीपर्यंत पायी चालत गेली.

दार भागीरथीनं उघडलं. प्रीती कामावर गेली होती. भीमराव पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला, घडी केली नाही.

"तुम्ही? काही राहिलं का?"

"पानी द्या आधी," बनूबाई खुर्चीवर बसत म्हणाली.

भागीरथीनं पाणी आणलं. बनूबाईनं पिशवीतून गोळी काढली, दोघांना दिसेल अशी जिभेवर ठेवली आणि त्या पाण्याबरोबर गिळली. ग्लास पूर्ण रिकामा केला. मग म्हणाली, "ही उपाशीपोटी घ्यायची गोळी हाय. आता अर्ध्या तासानं मला जेवायला लागतं. नाय खाल्लं तर गोळी वाया. काय केलंय घरात?"

भागीरथी नवऱ्याकडे बघायला लागली. असं मागून खाणारी पाहुणी तिच्या दारात कधी आली नव्हती. बोलावून आलेल्यांनाच दहादा आग्रह करावा लागे.

"डबा आणला नाहीत?" भीमरावांनी विचारलं. आवाजात धार होती.

"नाय."

"वाटेत हॉटेलं आहेत चांगली."

"हायेत. मी त्यांच्यावरूनच आले."

भीमराव पेपर बाजूला ठेवून म्हणाले, "बाई, तुम्हाला एक सांगतो. कारखान्यात माझ्या शेजारच्या मशीनवर एक जण होता. सगळी नोकरी आम्ही एकमेकांशेजारी काढली. माझा हात मशीनमध्ये जाता जाता त्यानं वाचवला होता, इतका जवळचा. प्रीतीच्या बारशाला घरी आला. भागीरथीनं पुरणपोळी केली होती. पित्त आहे म्हणाला. मी म्हटलं, असेल. त्याला सोडायला स्टेशनपर्यंत गेलो. मी तिकिटाच्या खिडकीशी उभा, आणि हा बाहेर हातगाडीपाशी उभा राहून भजी खातोय. मला बघितलं त्यानं. आम्ही दोघंही हसलो. दुसऱ्या दिवशी पुन्हा मशीनवर." त्यांनी बाजूचा पेपर उचलून त्याची घडी केली. "तेव्हापासून पित्त हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. तुमचं खरं असेल. पण मी आता ते कसं ओळखायचं?"

बनूबाईनं मान खाली घातली नाही. घालावीशी वाटत होती, तरी घातली नाही.

"माझ्या सासूला पित्त नव्हतं, भीमराव," ती म्हणाली. "ती असंच बोलायची. मी तिच्या मागं उभी असायचे, नि मी काय बोलायचे नाय. ते माझं चुकलंच. पन सासूला पित्त नव्हतं नि मला हाय. आता देवानं मलाच खरं पित्त दिलं, तर मी काय करू?"

यावर हसावं की चिडावं हे भीमरावांना ठरवता येईना. तेवढ्यात स्वयंपाकघराच्या दारातून भागीरथीचा आवाज आला.

"उपाशीपोटी म्हणजे चहासुद्धा नाही का हो?"

"कोन घेतं गोळी?" बनूबाई ताडकन वळली.

"मीच. आमच्या डॉक्टरांनी दिलीय. मी सकाळच्या चहाबरोबर घेते. गुण म्हणून नाही."

"अगं बाय माझे!" बनूबाई उठलीच. "चाय पोटात जातो का डोक्यात?"

पुढची काही मिनिटं भीमराव आपल्याच घरात पाहुण्यासारखे बसून होते. आत दोघी बोलत होत्या. कुणाला कुठं जळतं, कुणाला आंबट येतं, कुणाला पाठीत कळ येते, डाव्या कुशीवर बरं वाटतं की उजव्या. भागीरथीचं पाकीट बघितलं गेलं. "माझी नि तुझी एक नाय, नावं वेगळी दिसतात. तू आपल्या डॉक्टरला विचार. पन पयला चाय सोड," असा हुकूम झाला. भागीरथीनं सकाळी केलेलं वांग्याचं कालवण दाखवलं, त्यावर लाल तवंग होता. बनूबाईनं ते झाकून ठेवायला सांगितलं.

"हे तुझ्या पोटालाबी नको नि माझ्याबी नको. मुगाची डाळ हाय? मग वरन लाव नि भात टाक."

भागीरथीनं डाळ धुतली. कुकरची शिट्टी झाली. बनूबाई बाहेर येऊन पुन्हा खुर्चीवर बसली. भीमराव भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. चार पावलांवरून वरणाचा वास येत होता, बनूबाईच्या पोटात कावळे ओरडत होते, पण ती ढिम्म बसली होती. मध्येच भागीरथी बाहेर डोकावून म्हणाली, "झालंय हो, वाढू का?"

"अजून नाही झाला अर्धा तास," असं भीमराव म्हणाले. बनूबाईच्या आधी.

मग थोड्या वेळानं ते उठले, स्वतः ताट मांडलं आणि म्हणाले, "आता वाढ."

बनूबाई जेवली. पाहुणी जेवते तशी नाही, भुकेलेली बाई जेवते तशी. पहिला भात संपवून तिनं दुसरा मागितला. वरण भुरकलं, बोटं चाटली, आणि मग कपाळाला आठी घालून म्हणाली, "भागीरथी, मीठ कमी हाय."

भागीरथी पळी हातात धरून उभी राहिली. तिच्या हातच्या जेवणाला बाहेरून आलेल्या कुणी कधी नावं ठेवली नव्हती. जे खात ते तोंड भरून कौतुक करत, फार कौतुक करत, आणि त्या कौतुकाचा तिला कंटाळा आला होता. तिला हसू फुटलं. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं, आणि मिठाचा डबा आणायला म्हणून ती आत गेली ती लवकर बाहेर आली नाही.

भीमरावांनी हे बघितलं. बनूबाईचं जेवण होईपर्यंत ते खिडकीतून खाली बघत राहिले. तिनं ताट उचललं, मोरीत नेऊन घासलं, हात पुसले आणि पुन्हा त्याच खुर्चीवर येऊन बसली.

"रिक्षा बोलावू का?" त्यांनी विचारलं. विचारण्यात आता धार नव्हती, पण होकारही नव्हता.

"नको," बनूबाई म्हणाली. "लग्नाची तारीख ठरल्याबिगर मी काय हलत नाय. डॉक्टरबाईनं गोळी दोन टाइम दिलीय मला. संध्याकाळची पन पिशवीत हाय, नि ती घेतल्यावर बी अर्ध्या तासानं जेवायला लागतं."

भीमरावांनी तिच्याकडे बघितलं, तिच्या पिशवीकडे बघितलं. मग ते स्वयंपाकघराच्या दाराशी गेले.

"भागीरथी," ते म्हणाले, "संध्याकाळी बिनतिखटाचं काय करशील? विहीणबाई जेवायला आहेत."